हात करणारी माणसं

आमच्या हवाई बेटांवर निवडणुकीचा निकाल रस्त्याच्या कडेला लागतो, पेटीत नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. रस्त्यावर मोठाले फलक लावायला आमच्याकडे बंदी आहे. मग उमेदवार स्वतःच फलक होऊन उभा राहतो. गळ्यात हनुवटीपर्यंत फुलांचे हार, मागे नावाच्या पाट्या धरलेली माणसं, आणि लोक सकाळी कामाला निघाले की एकदा, संध्याकाळी परतायला लागले की एकदा, येणाऱ्या गाडीला हात करायचा. प्रत्येक गाडीला. आतला माणूस बघो न बघो. एरवी आमच्या हिलो गावात कुणी हॉर्न वाजवत नाही, वाजवलाच तर त्याच्या आईबापांचं वळण निघतं. पण उमेदवाराला बघून वाजवलेला हॉर्न म्हणजे आशीर्वाद. तो मिळावा म्हणून भलेभले उन्हापावसात हात दुखेस्तोवर उभे राहतात.

मी हेस्टर पाकेले. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं, त्यामुळे अर्ध्या हिलोने माझ्या हातचं खाल्लंय आणि उरलेल्या अर्ध्याने माझा ओरडा खाल्लाय. समुद्रासमोरचा वडाखालचा कोपरा माझ्याकडे असतो. सेनेटर विनिफ्रेड केकूमू पहिल्यांदा उभी राहिली तेव्हापासून तिची हात करणारी फौज मी सांभाळते. सेनेटर तुमच्यासाठी. माझ्यासाठी ती विनी, माझ्याच बाकावर बसून माझीच गणितं उतरवून घेणारी.

त्या वर्षी विनी चौथ्या खेपेला उभी होती आणि पहिल्यांदाच पडेल असं वाटत होतं. आमच्याकडे खरी लढत पक्षातल्या पक्षातच होते, नोव्हेंबरातलं मतदान म्हणजे नुसतं शिक्कामोर्तब. आणि पक्षातून तिच्यासमोर उभी ठाकली होती मापुआना फ्रेटास. हिलोच्या कॉलेजची एके काळची व्हॉलीबॉलपटू, उंच, हसरी, आणि हात असे की तिने एका टोकाला हात केला तर दुसऱ्या टोकाच्या ट्रकवाल्याला वाटावं आपल्यालाच केला. ती रस्त्याच्या पलीकडे, आम्ही अलीकडे. होनोलुलूची मतं दोघींत अर्धी अर्धी होणार हे दिसत होतं. बाकीच्या बेटांचंही तेच. राहिलं हिलो. हिलो जिची, सेनेटची खुर्ची तिची.

"वॉशिंग्टनला राहून राहून तिचा हात जड झालाय," असं मासळीबाजारात बोललं जायला लागलं होतं. आमच्याकडे याहून वाईट काही बोलता येत नाही.

प्रचारप्रमुख म्हणून तिने मुख्य भूमीवरून प्रेस्टन नावाचा एक तरुण आणला होता. पोरगा कष्टाळू, पण हात करायचा मनगटातून, टॅक्सी थांबवल्यासारखा. मी म्हटलं, "बाळा, हात खांद्यातून येतो. आणि नजर काचेवर नको, काचेच्या आत." तो म्हणाला, "मावशी, मी आकडेवारी बघतो." मी म्हटलं, "आकडेवारी गाडी चालवत नाही." तिसऱ्या आठवड्यात त्याचा हात खांद्यातून यायला लागला. रंग उडालेल्या पाटीसकट तो आमच्यातलाच दिसायला लागला. मला बरं वाटलं.

तर तो बुधवार. मतदान शनिवारी. आमच्याच बेटावरच्या पुना नावाच्या भागातली आमची माणसं चार वाजता गाड्यांची मिरवणूक घेऊन येणार होती. दिवे लावून, फुलं बांधून, एकामागे एक. आम्ही त्यांचं दणक्यात स्वागत करायचं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यांना विनीचं वजन दिसेल, असा प्रेस्टनचा बेत. पाऊस भुरभुरत होता. हिलोत तो कायमच भुरभुरतो, त्याचं कौतुक नाही. माझा नवरा अल्बर्ट आपली छोटी चार तारांची युकुलेले घेऊन बादलीवर बसला होता. आम्ही चार वाजायच्या आधीपासूनच तयारीत होतो. आणि इतके दिवस सतत हात केले की हातांना मालकच उरत नाही. रस्त्यावरून काही हललं की ते आपोआप वर जातात. सकाळीच मी एका कुत्र्याला हात केला होता.

वळणावर दिवे दिसले. दिव्यांमागे दिवे, त्यांच्यामागे आणखी दिवे.

"आले, आले," प्रेस्टन म्हणाला. "बापरे, केवढ्या गाड्या आणल्यात. आणि पुढे बघा, लांबडी काळी गाडी भाड्याने घेतलीय."

"फुलं पण चांगली लावलीत," मी म्हटलं.

अल्बर्टने तार छेडली. विनीने चपला काढल्या. हे मला सांगायलाच हवं, की विनी चांगली नाचते. वॉशिंग्टनच्या सुटाबुटात ते झाकलं जातं, पण लहानपणी हुला नाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती फुटपाथच्या कडेला आली आणि दोन्ही हातांनी लाटा काढत, कंबर हलवत, हसत हसत त्या काळ्या गाडीचं स्वागत करायला लागली. मागे आम्ही वीसेक जण पाट्या नाचवत होतो. कुणीतरी शीळ घातली. प्रेस्टन उड्या मारत होता.

काळी गाडी आमच्यासमोरून गेली. तिच्या मागच्या काचेतून फुलांखाली ठेवलेली शवपेटी दिसली.

दुसऱ्या गाडीत, काचेशी, काळी जाळी घेतलेली एक छोटीशी म्हातारी बसली होती. ती सरळ विनीकडे बघत होती.

अल्बर्टची युकुलेले एकदम थांबली नाही, एकेक तार करत विझली. पाट्या हळूहळू खाली आल्या. प्रेस्टन एक उडी मारून जो खाली आला तो पुतळाच झाला. आणि विनी? तिचे दोन्ही हात हवेतच राहिले. ती मला नंतर म्हणाली, "खाली घेतले असते तर नाच संपवल्यासारखं दिसलं असतं, आणि वर ठेवले तर चालूच आहे असं. मला सुचेनाच गं." सगळी अंत्ययात्रा तिच्यासमोरून गेली, आणि ती तशीच, अनवाणी, पावसात, हात वर करून उभी. गाड्याही काही थोड्याथोडक्या नव्हत्या.

शेवटच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे झाले आणि त्याच वळणावरून पुनावाले आले. हॉर्न वाजवत, ओरडत, फुगे लावून. आम्ही कुणीच हात केला नाही. ते बिचारे रुसून घरी गेले.

हिलोत बातमी पसरायला वर्तमानपत्राची वाट बघावी लागत नाही. अंधार पडायच्या आत सगळ्यांना कळलं होतं की सेनेटर केकूमू मयतावर नाचली. कुणाचं मयत तेही आम्हाला तेव्हाच कळलं. सेवेरिनो गाल्डोनेस, उसाच्या मळ्यावरचा जुना फिलिपिनो कामगार, वरच्या वस्तीतला. चार मुलगे, सुना, नातवंडं, पतवंडं, शिवाय गळ्यात गळा घालणारे शेजारी. मतदानात ते घर एका बाजूला झुकलं की हामाकुआचा सगळा उसाचा किनारा झुकतो म्हणतात. मुलगे संतापलेत अशी खबर होती.

त्या संध्याकाळी प्रचाराच्या खोलीत सुतक पडलं होतं. प्रेस्टनने निवेदन लिहून आणलं. "हवाईच्या प्राचीन परंपरेनुसार सेनेटरबाईंनी दिवंगतास नृत्याने अखेरची मानवंदना दिली."

विनीने वाचलं आणि कागद त्याच्या हातात परत दिला. "माझी आजी थडग्यातून उठून येईल आणि माझ्या कानाखाली जाळ काढेल."

"मॅडम, मग काहीच बोलू नका. तीन दिवसांचा प्रश्न आहे. लोक विसरतील."

"हिलोत?" मी म्हटलं. "हिलोत अजून अल्बर्ट चौथीत नापास झाला होता ते लोक विसरले नाहीत."

"मला माफी मागायला जायचंय," विनी म्हणाली. "निवेदनातून नाही. घरी."

"घरी?" प्रेस्टन पांढरा पडला. "त्यांनी हाकलून दिलं आणि कुणी फोटो काढला तर निवडणूक तिथेच संपली."

"संपली तर संपली. खुर्ची गेली तर मी रडेन, खोटं कशाला बोलू. पण त्या बाईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर घेऊन मला या गावात म्हातारं व्हायचं नाहीये."

एवढ्यात दारात मापुआना उभी. हातात तळलेल्या गोड मालासादांचा भलाथोरला डबा. सगळी खोली तिच्याकडे बघायला लागली. ती दारातच चपला काढून आत आली.

"मावशी, आईने पाठवल्यात. गरम आहेत," ती मला म्हणाली, आणि मग विनीकडे वळली. "विनीताई, मला एक सांगायचंय. पहिल्या गाडीला मीपण हात केला होता. चांगला दणदणीत. मग पेटी दिसली आणि मी हात तसाच डोक्यावर नेऊन केस नीट केले. तुमच्यासमोर गाणं चालू होतं म्हणून सगळ्यांनी तुम्हाला बघितलं."

विनी तिच्याकडे बघत राहिली आणि मग दोघी जे हसायला लागल्या ते थांबेनात. हसता हसता विनीच्या नाकात साखर गेली. प्रेस्टन एकदा डब्याकडे, एकदा दोघींकडे बघत होता. त्याच्या गावी प्रतिस्पर्धी डबे घेऊन येत नसावेत.

"उद्या सकाळी रेडिओवर हे सांगणार आहे मी," मापुआना निघताना म्हणाली.

"वेडी आहेस का? तुझी मतं जातील."

"जाऊ देत की. उद्या रस्त्याच्या त्या बाजूला उभं राहून मला तुमच्याकडे बघायचंय ना."

आणि तिने खरंच सांगितलं. माझं मत विनीला होतं, पण त्या सकाळी रेडिओ ऐकताना मला वाटलं, हिची आई भाग्याची.

गुरुवारी संध्याकाळी विनी आणि मी वरच्या वस्तीत गेलो. फिलिपिनो घरांत माणूस गेल्यावर नऊ संध्याकाळी प्रार्थना असते आणि प्रार्थनेला येईल त्याला जेवण. रस्त्यापासूनच गाड्या लागल्या होत्या, अंगणात ताडपत्री, ताडपत्रीखाली गाव. आम्ही आत शिरलो तसा आवाज बसत गेला. चारही मुलगे दारापाशी हाताची घडी घालून उभे होते. थोरला म्हणाला, "सेनेटर," आणि हाताची घडी न सोडता जरासा बाजूला झाला. मी मनात म्हटलं, हाकला बाबांनो, पण पटकन हाकला.

आत पासिंगकाकू बसली होती, सेवेरिनोची बायको. तीच म्हातारी. जवळून आणखीच छोटी. विनी तिच्यासमोर जमिनीवर बसली. चांगल्या परीटघडीच्या कपड्यांत, सगळ्यांदेखत.

"काकू, मी चुकले," ती म्हणाली. "मला वाटलं आमचीच माणसं येतायत. मी बघायला हवं होतं. मला फक्त मतं दिसत होती. तुमचं माणूस जात होतं आणि मी नाचत होते. मला माफ करा किंवा करू नका, पण मला हे तुमच्यासमोर येऊन सांगायचं होतं."

पासिंगकाकूने तिला नीट न्याहाळून घेतलं.

"जेवलीस?"

"नाही."

"मग आधी जेव."

आधी जेवलो. शेवया, मांसाचा आंबूस रस्सा, नारळाचा चिकट भात. पासिंगकाकू विनीच्या ताटाकडे पहारा दिल्यासारखी बसली होती. विनीने भात थोडा बाजूला सारला तर म्हणाली, "तोही संपव." देशाचे कायदे करणाऱ्या बाईने मुकाट्याने संपवला.

मग म्हातारी बोलायला लागली.

"तो तुला मत देत नव्हता हे माहितीय ना? एकदाही नाही. साखर कारखाना बंद पडला तेव्हा तू विमानतळावरच भाषण करून परत गेलीस, वर आलीच नाहीस, असं म्हणायचा. तुझं नाव निघालं की थुंकायचा."

"आई," थोरला मुलगा म्हणाला.

"खरं तेच सांगतेय. थुंकायचाच." ती पुन्हा विनीकडे वळली. "पण तू रस्त्यावर उभी दिसलीस की हॉर्न वाजवायचा. तुला, तुझ्याविरुद्धच्याला, सगळ्यांना. मी म्हणायचे, अरे मत देत नाहीस तर वाजवतोस कशाला? तर म्हणायचा, मत वेगळं. रस्त्यावर उभ्या माणसाला ओळख द्यायची असते."

तिने पदरासारखी शाल सारखी केली.

"त्याचं काम काय होतं माहितीय? उसाच्या गाड्या हमरस्ता ओलांडायच्या तिथे लाल झेंडा घेऊन उभं राहायचं. सगळा जन्म. ऊन असो, पाऊस असो. गाड्या थांबायच्या, लोक झेंड्याकडे बघायचे, उसाकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे. तो प्रत्येकाला हात करायचा. शंभरातला एखादा उलट करायचा. घरी येऊन मला त्या एकाचंच सांगायचा, आज निळ्या गाडीतल्या बाईने हात केला म्हणून."

बोलता बोलता तिने डावाने विनीच्या ताटात आणखी भात वाढला.

"काल आम्ही त्याला घेऊन निघालो. सबंध रस्त्याने लोक थांबले. टोप्या काढल्या, माना खाली घातल्या. चांगली माणसं आहेत, रीतच आहे ती. पण मी गाडीत बसून म्हणत होते, बघ सेवेरिनो, आजपण कुणी तुझ्याकडे बघत नाही. आणि मग तुझा कोपरा आला."

असं म्हणून ती उठली. हातातला भाताचा डाव तसाच, आणि तिने विनीची नक्कल केली. दोन्ही हातांनी लाटा काढत, कंबर हलवत, तोंडभर हसत. मग एकदम डोळे फाडून, हात वर करून, पुतळा झाली. अगदी हुबेहूब. आधी धाकटा मुलगा फसकन हसला. मग सुना. मग थोरल्याच्या हाताची घडी सुटली आणि तो भिंतीला टेकून डोळे पुसत हसायला लागला. मी तर ताटात हसले. विनी हसत होती आणि रडत होती, आणि म्हातारीने एका हाताने तिचं डोकं पोटाशी धरलं होतं, दुसऱ्या हातात डाव.

"शेवटच्या गाडीपर्यंत हात वर ठेवलेस," ती म्हणाली. "एवढा वेळ त्याच्यासाठी आजवर कुणी हात वर ठेवला नव्हता."

मला तेव्हा जे वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. एवढंच सांगते की वर्षानुवर्षं मी लोकांना हात करायला लावत आले, आणि आपण हे कशासाठी करतो ते मला त्या घरात कळलं.

निघताना पासिंगकाकूने विचारलं, "उद्या उभी राहणारेस?"

"तुम्ही म्हणाल तर नाही राहणार."

"मी कशाला नाही म्हणू? तिथे सावली कुठल्या बाजूला आहे?"

निकाल इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. विनी जिंकली. थोडक्यात जिंकली. प्रेस्टनच्या आकडेवारीत हे कुठेच बसेना म्हणून तो आठवडाभर कागद उलटत होता. गाल्डोनेस मंडळींनी कुणाला मतं दिली ते मी विचारलं नाही, आणि पासिंगकाकू सांगणाऱ्यातली नाही. विनीच्या गळ्यात पहिला हार आणून घातला तो मापुआनाने. पण शनिवारच्या त्या निकालापेक्षा मला आधीचा शुक्रवार मोठा वाटतो.

शुक्रवारी चार वाजता थोरल्या मुलाने म्हातारीला कोपऱ्यावर सोडलं. तिच्याकडे घडीची खुर्ची होती आणि एक विटलेला लाल झेंडा. मी पाटी देऊ केली तर म्हणाली, "मी कुणाच्या बाजूची नाही. मी सेवेरिनोच्या बाजूची." वडाखाली आमची माणसं दाटीने उभी होती, तिने तिथली सावली नाकारली. सरळ रस्त्याच्या मधल्या हिरवळीच्या पट्ट्यावर गेली आणि खुर्ची उघडून बसली. एका बाजूला विनी, दुसऱ्या बाजूला मापुआना, मध्ये ही काळ्या कपड्यांतली मुठीएवढी म्हातारी. थोड्या वेळाने मापुआना रस्ता ओलांडून तिच्याजवळ गेली, मग विनी गेली. मग आमचं कुणी ऐकेना, दोन्हीकडच्या पाट्या त्या पट्ट्यावर जाऊन एकात एक मिसळल्या. प्रेस्टन म्हणाला, "मावशी, कुणाची पाटी कुणाची तेच कळत नाहीये." मी म्हटलं, "तू हात कर."

पहिली काही मिनिटं लोक बिचकले. पासिंगकाकूला ओळखून एका जुन्या ट्रकवाल्याने वेग कमी केला, डोक्यावरची टोपी काढली, छातीशी धरली आणि मान खाली घातली.

म्हातारी खुर्चीतून उठली, झेंडा त्याच्या बॉनेटसमोर आडवा धरून तिने ट्रक थांबवला आणि खिडकीशी जाऊन म्हणाली, "मान काय खाली घालतोस? वर बघ. हात कर."

त्याने टोपी डोक्यावर ठेवली, तिच्याकडे बघितलं आणि हात केला. मग हॉर्न दाबला तो सोडेचना. त्याच्या मागच्याने दाबला, त्याच्या मागच्याने दाबला, आणि ज्या गावात कुणी कधी हॉर्न वाजवत नाही ते गाव अंधार पडेपर्यंत वाजत राहिलं.